पिशवीचे कूळ, बुरशीचे कूळ

बडोद्यात तयार होणाऱ्या पॉलिथिनचे कूळ फार जुने नाही. १९६० साली अंकलेश्वरला तेल लागले. १९६५ मध्ये शहरालगतच्या कोयलीत रिफायनरी सुरू झाली आणि १९६९ मध्ये सरकारने इंडियन पेट्रोकेमिकल्स, म्हणजे बडोदेकरांची ‘आयपीसीएल’, स्थापन केली. १९७८ मध्ये तिथला नाफ्था क्रॅकर चालू झाला आणि नाफ्थ्यापासून इथिलीन, इथिलीनपासून पॉलिथिन ही साखळी जुळली.

पॉलिथिन खाणाऱ्या बुरशीची नोंद मात्र भलत्याच खात्यावर सापडते. १९७४ मध्ये जर्मन संशोधकांनी ट्रायटिरॅकियम अल्बम या बुरशीपासून एक विकर मिळवले. केस-नखांतले चिवट केराटिनही ते पचवते, म्हणून त्याला ‘प्रोटिनेज के’ म्हणू लागले. डीएनए शुद्ध करताना नको असलेली प्रथिने कापायला ते आजही प्रयोगशाळांत सर्रास वापरतात. पुढे वर्गीकरण बदलत गेले आणि ती बुरशी आधी एंजिओडोन्टियम अल्बम, मग पॅरेंजिओडोन्टियम अल्बम झाली. कोचीन विद्यापीठातील संशोधकांनी समुद्राच्या गाळातून मिळवलेल्या तिच्या वाणावरचे काम २००६ मध्ये प्रसिद्ध केले. तिथेही सगळा रस प्रथिने कापणाऱ्या विकरातच होता.

प्लॅस्टिकचा संबंध जुळला तो २०२४ मध्ये. नेदरलँड्सच्या सागरी संशोधन संस्थेतील आनिका वाक्समा आणि सहकाऱ्यांना उत्तर पॅसिफिकमध्ये तरंगणाऱ्या कचऱ्यावर हीच बुरशी आढळली. त्यांनी कार्बन-१३ची खूण असलेले पॉलिथिन तिला खाऊ घातले आणि तो कार्बन कुठे जातो याचा माग काढला. बराचसा कार्बन डायऑक्साइड होऊन बाहेर पडला. वेग होता दिवसाला सुमारे ०.०५ टक्के, म्हणजे शंभर ग्रॅममागे पन्नास मिलिग्रॅम.

या भोजनाला एक अट आहे. पॉलिथिनने आधी ऊन खाल्लेले असावे लागते. अतिनील किरणांनी त्याच्या लांब साखळ्या तुटतात, त्यांत ऑक्सिजन शिरतो, आणि मगच बुरशीला पकड मिळते. कोरे प्लॅस्टिक तिच्या कामाचे नाही.

आता बडोद्याची पिशवी घ्या. शहरातून वाहणाऱ्या विश्वामित्री नदीत पडलेली पिशवी पुराच्या पाण्याबरोबर ढाढर नदीत आणि तिथून खंभातच्या आखातात जाऊ शकते. हे आखात देशातल्या सर्वांत मोठ्या भरती-ओहोटीचे, म्हणून कायम गढूळ. वर तरंगत राहिली तर तिला ऊन लागेल; गाळात रुतली तर बुरशी शेजारी असूनही उपाशी राहील.

जगात दरवर्षी ४० कोटी टनांहून अधिक प्लॅस्टिक बनते. तेव्हा या बुरशीच्या भरवशावर समुद्र सोपवता येणार नाही. बडोद्यापुरता कचरा अडवायचा तो विश्वामित्रीच्या काठावरच. एकदा तो आखातात उतरला की त्याचे पुढे काय होईल, हे ऊन आणि गाळ ठरवणार.