संगणकाच्या पोटातला पंखा

आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत एक जुना लॅपटॉप आहे. गेल्या वर्षी तो सुरू केला की पिठाची गिरणी चालू झाल्यासारखा आवाज येऊ लागला. मागच्या बाकांवर शिक्षकांचं बोलणं पोचेना, आणि पुढच्या बाकांवरच्या मुलांचं लक्ष त्या घरघरीकडेच. दुरुस्तीच्या दुकानात नेला तर सल्ला मिळाला, "पंखा गेलाय. पण मशीन जुनं झालंय सर, आता नवीनच घ्या." नव्यासाठी पैसे नव्हते. तेव्हा आम्ही दोघा-तिघांनी तो स्वतःच उघडायचं ठरवलं. त्या वेळी एका विद्यार्थिनीनं विचारलं, "संगणक तर नुसती गणितं करतो, मग त्याला पंखा कशाला?"

प्रश्न साधा होता, पण त्याचं उत्तर शोधताना आम्हाला बरंच मागे जावं लागलं.

लॅपटॉप जेवढी वीज खातो, तिची शेवटी जवळजवळ सगळी उष्णताच होते. गणिताचं उत्तर मिळतं, पण वीज उष्णता होऊन बाहेर पडते. १९४६ साली अमेरिकेत फिलाडेल्फियाला जगापुढे आलेल्या 'एनियाक' या संगणकात सुमारे १८,००० निर्वात नळ्या होत्या, आणि प्रत्येक नळीत एक तापलेली तार. त्याला सुमारे १५० किलोवॉट वीज लागे. एक किलोवॉटच्या दीडशे शेगड्या एका दालनात पेटवल्या तर काय होईल? ती ऊब बाहेर घालवायला मोठमोठे झोतपंखे बसवावे लागले होते. आपल्याकडे मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली पूर्ण झालेल्या 'टिफ्रॅक' या संगणकातही सुमारे २,७०० नळ्या होत्या. म्हणजे संगणक आणि पंखा यांची सोबत जुनीच आहे. फक्त तेव्हा माणूस संगणकाच्या दालनात जाई, संगणक माणसाच्या मांडीवर येत नसे.

ट्रान्झिस्टर १९४७ साली आला, तापलेली तार गेली. आता उष्णतेचा प्रश्न मिटला असं कोणालाही वाटेल. पण प्रत्येक तुकडा कमी वीज खाऊ लागला, की माणूस तितक्याच जागेत आणखी तुकडे कोंबतो. १९७६ च्या 'क्रे-१' या महासंगणकाला शीतकपाटासारखं फ्रीऑन खेळवून थंड ठेवावं लागे. १९८५ च्या 'क्रे-२' मध्ये तर सगळी मंडलं वीज न वाहणाऱ्या एका द्रवात बुडवूनच ठेवलेली होती.

घरगुती संगणकांची गोष्ट मात्र उलटी सुरू झाली. ॲपल कंपनीच्या स्टीव्ह जॉब्जला पंख्याचा आवाज मुळीच खपत नसे. १९७७ च्या 'ॲपल-२' मध्ये पंखा नव्हता, कारण रॉड होल्ट या अभियंत्यानं त्यासाठी कमी तापणारा वीजपुरवठा तयार केला होता. १९८० च्या 'ॲपल-३' मध्येही पंखा टाळला, पण हे यंत्र बिघडण्यासाठीच प्रसिद्ध झालं. आतल्या चिप खोबणीतून सैल होत, आणि त्यावर सुचवलेला उपाय काय? यंत्र टेबलावरून दोन-तीन इंच उचलायचं आणि सोडून द्यायचं! १९८४ चा मॅकिंतॉशही बिनपंख्याचा होता. १९८७ च्या 'मॅकिंतॉश एसई' मध्ये मात्र पंखा आला. आमच्या मते जॉब्जचा कान बरोबर होता, फक्त उष्णता कानाचं ऐकत नाही.

याच काळातली एक गोष्ट भौतिकीच्या तासाला सांगण्याजोगी आहे. १९८२ साली आलेल्या 'ग्रिड कंपास' या घडीच्या संगणकाला मॅग्नेशियमची पेटी होती. पेटीच उष्णता पसरवी आणि भोवतालची हवा ती घेऊन वर जाई. हाच संगणक अमेरिकेच्या अंतराळयानासाठी निवडला गेला, तेव्हा त्यात पंखा घालावा लागला. कारण तुमच्या विद्यार्थ्यांना विचारा. वजनरहित अवस्थेत गरम हवा हलकी ठरत नाही, ती वर जातच नाही. 'वर' म्हणजे कुठे हाच प्रश्न. अभिसरण थांबलं की गरम हवा जागेवरच साचते.

पृथ्वीवरच्या लॅपटॉपमध्ये पंखा शिरला तो वेगाच्या शर्यतीमुळे. चिपमधल्या प्रत्येक उघडझापीला थोडी ऊर्जा लागते. ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असते, आणि दर सेकंदाला जितक्या उघडझापी जास्त तितकी उष्णता जास्त. १९९३ चा पेंटियम ५ व्होल्टवर चाले आणि कमाल १६ वॉटच्या आसपास वीज खाई. नखाएवढ्या सिलिकॉनवर एवढी उष्णता! पुढच्या वर्षी ३.३ व्होल्टचा पेंटियम आला. वर्ग काढून पाहा, २५ च्या जागी सुमारे ११. त्याच वेगाला उष्णता निम्म्याहून कमी. पण वेग तोच ठेवतो कोण? शर्यत चालूच राहिली. २००४ साली इंटेलनं पुढची एक चिप उष्णतेपायी सोडूनच दिली, आणि वेग वाढवण्याऐवजी एका चिपवर दोन-दोन, चार-चार गाभे बसवायची वाट धरली. आमचा लॅपटॉप त्याच पिढीचा.

त्याच्या पोटात एक चपटी तांब्याची नळी दिसते. तिच्यात थोडं पाणी आणि आतल्या भिंतीला निरांजनातल्या वातीसारखा सच्छिद्र थर. चिपजवळ पाण्याची वाफ होते, दुसऱ्या टोकाला ती थंड होऊन पाणी होते आणि वातीवाटे परतते. १९६३ साली लॉस अलामॉसच्या जॉर्ज ग्रोव्हरनं ही नळी नावारूपाला आणली. तत्पूर्वी १९४४ साली तसं पेटंट रिचर्ड गॉगलरला मिळालेलं होतं. नळीत हलणारा भाग एकही नाही, म्हणून ती सहसा बिघडत नाही.

झिजतो तो पंखा, आणि त्यातही एकच गोष्ट. मोटरीत घासणारे कार्बनचे ब्रश नसतात. पात्यांची आस मात्र कांस्याची भुकटी दाबून आणि भाजून केलेल्या छोट्या नळकांड्यात फिरते. त्याच्या बारीक छिद्रांत तेल मुरवलेलं असतं. फिरताना तेल बाहेर येतं, थांबल्यावर पुन्हा आत शोषलं जातं. अशी बेअरिंगं १९३० च्या सुमारास मोटारगाड्यांच्या उद्योगात रुळली. काही वर्षांनी तेल सुकतं, धुळीत मिसळून चिकट होतं, आस डगमगू लागते. लॅपटॉप तिरका केल्यावर आवाज बदलला, तर दोष बेअरिंगचा समजावा.

नुसती 'सूंऽऽ' असेल तर दोष बहुधा धुळीचा. वाट बुजली की चिप तापते आणि यंत्र पंख्याचा वेग वाढवतं. वेग दुप्पट झाला तर हवा दुप्पट, पण वीज आठपट, आणि आवाजाची शक्ती सुमारे ३२ पट म्हणजे १५ डेसिबलनं वाढते.

आमच्या यंत्रात दोन्ही दोष निघाले. आधी बॅटरीची जोडणी सोडवली. स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे असतात, म्हणून कागदावर लॅपटॉपची आकृती काढून प्रत्येक स्क्रू आपापल्या जागी ठेवला. पंख्यापुढच्या तांब्याच्या पापुद्र्यांवर धुळीचा नमद्यासारखा थर होता. चिपवरचा जुना लेप खडूसारखा वाळलेला. तो अल्कोहोलनं पुसून नवा लावला, अगदी मुगाच्या दाण्याएवढा. पंखा मागवताना आम्ही एकदा फसलो: दिसायला तसाच, पण स्क्रूची भोकं वेगळी. दुसऱ्यांदा पंख्याच्या चिठ्ठीवरचा क्रमांक जुळवून घेतला. खर्च साडेचारशे रुपये. चार तासांनी यंत्र सुरू केलं तेव्हा ते चालू आहे की नाही हे कळायला एका मुलाला कान लावावा लागला.

२०२० पासून ॲपलचे काही लॅपटॉप पुन्हा बिनपंख्याचे निघतात. त्यांच्या चिपचं घराणं 'आर्म'चं. केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीनं १९८५ साली पहिली आर्म चिप तपासली, तेव्हा अँमीटर शून्य दाखवत होता आणि चिप मात्र चालत होती. मुख्य वीज जोडलेलीच नव्हती. संकेतांच्या तारांतून झिरपणाऱ्या विजेवर तिचं भागत होतं. असा लॅपटॉप आमच्या शाळेत कधी येईल तेव्हा येईल.

काढलेला पंखा आम्ही टाकला नाही. चिठ्ठीखाली शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब सोडून मुलांनी तो ५ व्होल्टवर चालवला. आठ दिवस तो गप्प फिरला, मग पुन्हा घरघरू लागला.