नाव न दिलेली नाती : जपानच्या ‘युरी’ कथांविषयी

जपानी भाषेत ‘सुकी’ असा एक लहानसा शब्द आहे. चहा आवडतो हे सांगायला तोच, आणि एखाद्यावर जीव जडला हे सांगायलाही तोच. आपले मराठी ‘आवडणे’ आणि कानडी ‘इष्ट’ ही दोन्ही कामे करतात, त्यामुळे सीमाभागातल्या वाचकाला यातली अडचण चटकन कळावी. ‘तू मला आवडतेस’ असे एका शाळकरी मुलीने दुसरीला म्हटले, तर ऐकणारीने काय समजायचे? या प्रश्नाभोवती जपानमध्ये शंभराहून अधिक वर्षे लेखन झाले आहे. आज त्याला ‘युरी’, म्हणजे लिलीचे फूल, असे नाव आहे, आणि त्याचा मोठा भाग मांगांत, म्हणजे चित्रकथांत, आढळतो. मी या कथा इंग्रजी अनुवादांतून वाचल्या. त्यांतल्या नायिकांना आपल्या मनाची खात्री नसते. या खात्री नसण्यालाही एक इतिहास आहे, असे मला वाटते.

1899 साली जपान सरकारने मुलींच्या उच्च विद्यालयांसंबंधी हुकूम काढला. घडवायची होती ‘चांगली पत्नी, सुज्ञ माता’. पण बालपण सरल्यावर आणि लग्न ठरण्याआधी मुलींना चार-पाच वर्षे एकमेकींच्या सहवासात मिळाली, हाही त्याचाच परिणाम. थोरल्या वर्गातली मुलगी धाकटीला पत्र लिही, धाकटी ते जिवापाड जपे. अशा जोडीला ‘एस’ म्हणत. इंग्रजी ‘सिस्टर’चे ते आद्याक्षर. योशिया नोबुको (1896–1973) या लेखिकेने 1916 पासून ‘हाना मोनोगातारी’ ही फुलांच्या नावांची कथामाला लिहिली आणि या नात्याला भाषा दिली. त्यांतल्या कितीतरी कथा ताटातुटीपाशी संपतात. वडीलधारी मंडळी बऱ्याच वेळा कानाडोळा करीत, कारण शाळा सुटली की हे सारे सुटणार असे गृहीत होते. नात्याला मुभा होती ती मुदतीपुरती.

युद्धानंतर, 1947 च्या शिक्षणसुधारणेनंतर, मुलगे-मुली एका वर्गात बसू लागले आणि ‘एस’ची प्रथा मागे पडली. 1971 मध्ये यामागिशी रियोको यांची ‘शिरोई हेया नो फुतारी’ ही चित्रकथा आली. फ्रान्समधल्या वसतिगृहात एका खोलीत राहणाऱ्या दोन मुली. शाळेच्या नाटकात एक रोमिओ, दुसरी ज्युलिएट. कुजबूज सुरू होताच एक घाबरून दूर जाते आणि दुसरीचा अंत होतो. मन ओळखायला अवधी मिळण्याआधीच शिक्षा झालेली असते. ‘युरी’ हे नाव पुढे रूढ झाले, ते 1976 मध्ये इतो बुनगाकु या संपादकाने वापरलेल्या ‘युरीझोकु’ या शब्दावरून.

अलीकडच्या कथांत अडसर बाहेरून आत सरकला आहे. शिमुरा ताकाको यांच्या ‘आओई हाना’त (2004–2013) फुमी आपली बालमैत्रीण अकिरा हिला मनातले सांगते. अकिराला फुमी हवीच आहे. पण कशा अर्थाने, हे तिला सांगता येत नाही. नाकातानी निओ यांच्या ‘यागाते किमी नि नारु’मधली (2015–2019) युउ तर गाण्यांतले प्रेम आपल्या वाट्याला का येत नाही म्हणून हिरमुसते. तिच्यावर प्रेम करणारी तोउको वरच्या वर्गातली. मेलेल्या बहिणीसारखे होण्यात तिने स्वतःला पुसून टाकले आहे, म्हणून ‘तू माझ्या प्रेमात पडू नकोस’ अशीच तिची विनवणी. नदीपात्रातल्या दगडांवर दोघी थोड्या अंतराने उभ्या आहेत, असा यात एक प्रसंग आहे. संवादात जे येत नाही ते त्या दोन दगडांमधले पाणी सांगते. चित्रकथेला हे साधते, कारण बोललेले वाक्य एका चौकटीत आणि न बोललेले शेजारच्या रिकाम्या चौकटीत ठेवता येते.

ही संदिग्धता नेहमीच प्रामाणिक असते असे मात्र नाही. वाचकाला हुरहूर लावायची आणि निर्णय कायमचा टाळायचा, अशा कथाही पुष्कळ आहेत. त्यांत जुन्याच मुदतीचा वास येतो. माझ्या मते कसोटी एकच. मुलीला अजून कळलेले नाही म्हणून लेखक थांबला आहे, की तिला कळू द्यायचेच नाही म्हणून? पहिल्या थांबण्यात तिचा मान आहे. दुसऱ्यात ‘वय आहे, विसरेल’ हे घराघरांत ऐकू येणारे वाक्यच लपलेले असते.

त्या वाक्याला योशिया नोबुको यांनी जगूनच उत्तर दिले. 1923 मध्ये त्यांची मोन्मा चियो यांच्याशी भेट झाली. दोघींना विवाहाची सोय नव्हती, म्हणून 1957 मध्ये नोबुकोंनी चियोंना कायद्याने दत्तक घेतले, आणि 1973 मध्ये नोबुको वारल्या तोवर त्यांची साथ टिकली. कथांत ज्यांनी मुलींची ताटातूट लिहिली, त्यांच्या स्वतःच्या नात्याची ही पन्नास वर्षे. एवढ्या काळाला ‘वयाचा दोष’ म्हणायला जीभ रेटत नाही.