जालन्याच्या भट्ट्या आणि औद्योगिक अभियांत्रिकीचा अभ्यासक्रम

प्रतिनिधी, जालना

पोलाद आणि बियाणे या दोन उद्योगांनी जालन्याचे नाव देशभर पोहोचविले. या उद्योगांत रोज उभे राहणारे अनेक प्रश्न ज्या विद्याशाखेत शिकविले जातात, ती म्हणजे औद्योगिक अभियांत्रिकी. यंत्र अभियांत्रिकीच्या पदवीत मात्र ती बहुधा एक-दोन विषयांपुरतीच येते आणि ‘गुण मिळवून देणारा विषय’ एवढीच तिची ओळख उरते. प्रत्यक्षात या विषयातील एका आकड्याच्या चुकीची किंमत भट्टीसमोर उभ्या असलेल्या कामगाराला मोजावी लागू शकते.

विषयाचे स्वरूप

यंत्र अभियंता यंत्र घडवितो. माणसे, यंत्रे, कच्चा माल, ऊर्जा आणि वेळ यांची सुयोग्य मांडणी करणे हे औद्योगिक अभियंत्याचे काम होय. कार्यअभ्यास, कारखान्याचा आराखडा, उत्पादन नियोजन, साठा नियंत्रण, गुणवत्ता नियंत्रण, ऑपरेशन्स रिसर्च आणि अर्गोनॉमिक्स हे अभ्यासक्रमाचे प्रमुख घटक आहेत.

अमेरिकेत फ्रेडरिक टेलर यांचा शास्त्रीय व्यवस्थापनावरील ग्रंथ १९११ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांचे समकालीन फ्रँक गिलब्रेथ यांनी विटा रचण्याच्या कामातील सुमारे १८ हालचाली पाचांच्या आत आणल्या. गवंड्याला त्यांनी घाई करायला लावली नाही. अनावश्यक वाकणे आणि वळणे तेवढे काढून टाकले. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचे कार्यअभ्यासावरील पुस्तक १९५७ मध्ये निघाले आणि पुढे ते जगभर प्रमाण मानले गेले. भारतात १९५८ मध्ये राष्ट्रीय उत्पादकता परिषद स्थापन झाली. १९६३ मध्ये मुंबईत पवई परिसरात, विहार तलावाजवळ ‘नीटी’ ही संस्था उभी राहिली. २०२३ पासून ती भारतीय व्यवस्थापन संस्था, मुंबई या नावाने ओळखली जाते.

वेळेचे गणित

कार्यअभ्यासाचे दोन भाग आहेत. पहिला पद्धतीचा अभ्यास. त्यात कामाची निवड, नोंद, चिकित्सा, नव्या पद्धतीची आखणी, अंमल आणि देखरेख अशा पायऱ्या येतात. दुसरा कार्यमापनाचा. हा क्रम महत्त्वाचा आहे. पद्धत सदोष असताना हाती घड्याळ घेतले, तर सदोष कामाचीच वेळ मोजली जाते.

कार्यमापन उदाहरणाने समजून घेता येईल. समजा, एका कामाला ४० सेकंद लागले आणि निरीक्षकाच्या मते कामगाराचा वेग प्रमाण वेगाच्या ९० टक्के होता. म्हणजे मूळ वेळ ३६ सेकंद झाली. तीत विश्रांतीची सवलत मिळवावी लागते. श्रम संघटनेच्या पुस्तकातील तक्त्यानुसार वैयक्तिक गरजांसाठी पुरुषांना ५ व स्त्रियांना ७ टक्के आणि मूलभूत थकव्यासाठी ४ टक्के सवलत धरली जाते. पुरुष कामगारासाठी एकूण ९ टक्के धरल्यास प्रमाण वेळ सुमारे ३९.२ सेकंद येते आणि आठ तासांत ७३३ नग अपेक्षित ठरतात.

तथापि ही किमान सवलत झाली. उभे राहून काम करणे, वजन उचलणे, उष्णता आणि आवाज यांसाठी स्वतंत्र भर घालावी लागते. भट्टीजवळच्या कामासाठी एकूण सवलत २५ टक्के धरली, तर प्रमाण वेळ ४५ सेकंद होते आणि अपेक्षित नग ६४० वर येतात. कामगार तोच, काम तेच. फरक ९३ नगांचा! उष्णतेचा रकाना रिकामा सोडला, तर हे ९३ नग कामगाराच्या अंगातून काढले जातात. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात तर हा रकाना भरताना अधिकच काळजी घ्यावी लागते.

भट्टी ते रोलिंग मिल

जालन्यात भंगार आणि स्पंज आयर्न इंडक्शन भट्टीत वितळवून बिलेट ओतले जातात आणि त्यांपासून बांधकामाच्या सळया तयार होतात. बिलेट थंड झाले, तर ते पुन्हा तापविण्यासाठी इंधन खर्च करावे लागते. गरम असतानाच रोलिंगला गेले, तर हा खर्च वाचतो. त्यासाठी भट्टी आणि मिल यांची लय जुळावी लागते. मिल थांबली की बिलेट निवतात. भट्टी रेंगाळली की मिल रिकामी फिरते. साखळीतील सर्वांत संथ टप्पाच एकूण उत्पादन ठरवितो, हा पाठ्यपुस्तकातील सिद्धांत येथे विजेच्या आणि इंधनाच्या बिलात दिसतो.

बियाणे आणि वृत्तपत्र विक्रेता

बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये जालन्यात ‘महिको’ची स्थापना केली; १९९८ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. बियाण्याची मागणी पेरणीच्या काही आठवड्यांत एकवटते आणि उत्पादन मात्र आधीच्या हंगामात ठरवावे लागते. उरलेल्या बियाण्याची उगवणक्षमता घटत जाते. कमी पडले, तर शेतकऱ्याची पेरणी अडते. ऑपरेशन्स रिसर्चमध्ये या कोड्याला ‘वृत्तपत्र विक्रेत्याचा प्रश्न’ म्हणतात. सकाळचा अंक संध्याकाळी रद्दी होतो, म्हणून किती प्रती घ्यायच्या, हे विक्रीपूर्वीच ठरवावे लागते. वर्षभर सारखी मागणी गृहीत धरणारे साठ्याचे सूत्र येथे उपयोगी पडत नाही.

प्रवेशापूर्वी काय पाहावे?

यंत्र किंवा उत्पादन अभियांत्रिकीच्या पदवीनंतर औद्योगिक अभियांत्रिकीत पदव्युत्तर शिक्षण घेता येते. या शाखेकडे वळू इच्छिणाऱ्यांनी तीन गोष्टींची चौकशी करावी : कार्यअभ्यासाची प्रयोगशाळा आहे काय, प्रकल्प कारखान्यात करावा लागतो काय आणि अर्गोनॉमिक्स सक्तीचा आहे की ऐच्छिक. जालन्यात २०१८ मध्ये सुरू झालेल्या रसायन तंत्रज्ञान संस्थेच्या मराठवाडा केंद्राने उद्योगातील प्रशिक्षण अभ्यासक्रमातच गुंफले आहे. ती शाखा वेगळी असली, तरी ही रीत औद्योगिक अभियांत्रिकीलाही तितकीच लागू पडते. सवलतीचा तक्ता वर्गात पाठ करता येतो. त्यातील उष्णतेचा आकडा किती असावा, हे मात्र भट्टीपाशी उभे राहिल्यावरच कळते.