पाम ओएसमधील टेबल : मर्यादा व उपाय

पाम कॉम्प्युटिंगच्या 'पायलट' या खिशात मावणाऱ्या उपकरणापासून (१९९६) चालत आलेल्या पाम ओएस प्रणालीत, पडद्यावर ओळी-स्तंभांत माहिती दाखवणाऱ्या घटकाला टेबल म्हणतात. डेस्कटॉपवरून आलेल्या प्रोग्रामरला तो अपुरा वाटे. त्याला स्वतःहून सरकता येत नाही, पडद्यावर मावतील तेवढ्याच ओळी तो ओळखतो, आणि स्तंभ 'वापरण्याजोगा' असल्याचे सांगितल्याशिवाय काहीच रेखाटत नाही. तरीही टेबल हा माहितीचा साठा नसून साठ्यावर ठेवलेली चौकट आहे, एवढे मान्य केले की यांतल्या बहुतेक उणिवा सुसंगत ठरतात. त्यांवरचे जे उपाय टिकले, तेही याच समजुतीतून आलेले आहेत.

पहिल्या पायलटचा पडदा १६० × १६० पिक्सेलांचा होता, प्रोसेसर १६ मेगाहर्ट्‌झचा, आणि सर्वांत स्वस्त नमुन्यात एकूण स्मृती अवघी १२८ किलोबाइट. प्रोग्रामच्या नोंदी याच स्मृतीत कायम राहत आणि जागच्या जागीच वाचल्या जात. अशा यंत्रात शेकडो पत्ते टेबलात पुन्हा उतरवून घेणे ही निव्वळ उधळपट्टी झाली असती. म्हणून नेहमीच्या टंकात ११ पिक्सेल उंचीच्या ११ ओळी ठेवायच्या, सर्वांत वर दिसणाऱ्या नोंदीचा क्रमांक प्रोग्रामने लक्षात ठेवायचा, आणि सरकपट्टी हलली की तो क्रमांक बदलून त्याच ११ ओळींत नव्या नोंदी भरायच्या, अशी रीत पडली. प्रत्येक ओळीला नोंदीचा क्रमांक जोडता येत असल्याने टिचकी कोणत्या नोंदीवर पडली हेही कळते. मजकूर संपादित करायच्या कप्प्यासाठी टेबल प्रोग्रामकडे स्मृतीतला पत्ता, सुरुवात आणि लांबी मागते; त्यामुळे मूळ नोंदीतच बदल होतो आणि दुसरी प्रत लागत नाही.

खरी कसोटी लागते ती ओळींची उंची बदलते तेव्हा. कामांच्या यादीत एखादे काम दोन-तीन ओळींचे झाले की खालच्या नोंदी चौकटीबाहेर ढकलल्या जातात, आणि 'एक पान पुढे' म्हणजे किती नोंदी याचे ठरलेले उत्तर उरत नाही. पुढे जाताना शेवटच्या दिसणाऱ्या नोंदीपासून मोजता येते. मागे येताना मात्र आधीच्या नोंदींची उंची उलट्या क्रमाने मोजत, चौकट भरेपर्यंत जावे लागते. हे गणित चुकले की एखादी नोंद वर-खाली दोन्हीकडे सरकताना निसटते, आणि वापरणाऱ्याला ती पुसली गेली असे वाटते. सरकवण्याच्या कोडमधली सर्वांत जास्त काळजी इथेच घ्यायला हवी.

कप्प्यांचे ठरीव प्रकारही आडवे येतात. 'लेबल' प्रकार मजकुरापुढे आपणहून अपूर्णविराम (:) काढतो. अंकांचा प्रकार फक्त दाखवतो, बदलू देत नाही. यावर सर्वांत मोकळा मार्ग म्हणजे 'कस्टम' कप्पा. त्यात टेबल केवळ आयताच्या सीमा देते आणि रेखाटन प्रोग्रामवर सोपवते. मजकुराची रुंदी मोजून तो कुठे तोडायचा हेही मग प्रोग्रामच ठरवतो. स्तंभ जास्त असतील तर काही तात्पुरते 'न वापरण्याजोगे' करून आडवे सरकण्याची सोय करता येते. पण एवढ्या अरुंद पडद्यावर दोन-तीन स्तंभ ठेवून बाकीचा तपशील टिचकीनंतरच्या फॉर्मवर दाखवणे अधिक वाचनीय.

यावर आक्षेप असा, की प्रत्येक प्रोग्रामरने सरकण्याचे तेच कोड पुन्हा लिहावे हा रचनेचाच दोष आहे. आक्षेप खरा आहे. केवळ वाचायची एकपदरी यादी असेल तर 'लिस्ट' हा घटक घेणेच शहाणपणाचे, कारण सरकणे तो स्वतः सांभाळतो आणि रेखाटनाचे काम प्रोग्रामच्या हाती देतो. परंतु यावरून सगळी माहिती टेबलाच्या पोटात घालायला हवी होती, असे सिद्ध होत नाही. २००८मध्ये बाहेरच्या प्रोग्रामरांना खुल्या झालेल्या आयफोनच्या टेबल-दृश्याने आणि त्याच वर्षीच्या अँड्रॉइडच्या यादी-दृश्याने सरकणे आपल्याकडे घेतले, तरी दिसणाऱ्या ओळींपुरतेच घटक बनवून ते पुन्हा वापरण्याची आणि मजकूर प्रोग्रामकडून मागून घेण्याची पद्धत ठेवली. त्या उपकरणांची स्मृती पायलटच्या शेकडो पटींनी मोठी होती, तरीही.