घुमट कोणाचा?

घुमट म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे मशीद किंवा दर्गा उभा राहतो. आपण त्याला आपला मानतो. काही मंडळी त्याच कारणाने त्याला परका ठरवतात. इतिहासात डोकावले तर दोघांनाही आपले मत तपासावे लागेल.

रोममधील पँथिऑन हे मंदिर सम्राट हेड्रियनच्या काळात, इ. स. १२८च्या सुमारास पूर्ण झाले. त्याच्या काँक्रीटच्या घुमटाचा व्यास १४२ फूट. ओझे कमी व्हावे म्हणून माथ्याकडे हलका, सच्छिद्र दगड वापरला आणि मधोमध गोल झरोका मोकळा ठेवला. पण ती इमारत मुळातच गोल होती. चौकोनी दालनावर गोल घुमट बसवायचा कसा, हा खरा पेच होता. इराणात फिरूझाबादच्या राजवाड्यात तिसऱ्या शतकातील सासानी गवंड्यांनी चारही कोपऱ्यांत कमानी टाकून तो सोडवला. कॉन्स्टँटिनोपलच्या हागिया सोफिया या चर्चमध्ये ५३७ साली कोपऱ्यांतून चढणाऱ्या वक्र त्रिकोणांवर घुमट तोलला गेला. घुमट भिंतींना बाहेरच्या बाजूला रेटतो. हा घुमट ५५८ मध्ये कोसळला, तेव्हा ५६२ पर्यंत तो अधिक उंच करून पुन्हा बांधला. उंचीमुळे रेटा कमी झाला.

मुसलमानांनी हे ज्ञान परके म्हणून टाकून दिले नाही. उमय्या खलिफा अब्दुल मलिक यांच्या काळात, ६९१-९२ मध्ये, जेरुसलेम येथे कुब्बतुस्सखरा उभा राहिला. पुढे दिल्लीच्या अलाई दरवाजाने (१३११) खरा घुमट हिंदुस्थानात रुजवला.

या साऱ्याचा कळस विजापुरात दिसतो. मुहम्मद आदिलशहाची कबर असलेला गोल घुमट १६५६च्या सुमारास पूर्णत्वास आला. आतील व्यास सुमारे १२४ फूट, आणि मध्ये एकही खांब नाही. एकमेकींना छेदणाऱ्या आठ कमानी चौकोनाला वर्तुळाकडे नेतात. त्यांचे आत झुकलेले वजन घुमटाचा बाहेरचा रेटा तोलून धरते. त्याचा वास्तुकार म्हणून याकूत दाभोळी यांचे नाव सांगितले जाते. दाभोळ म्हणजे आपल्या कोकणातलेच बंदर.

विजापूरचा हा वारसा तिथेच थांबला नाही. जॉन बेग यांनी मुंबईच्या जनरल पोस्ट ऑफिसचा घुमट (१९१३) गोल घुमटावरूनच बेतला. मुंबईतच गोराई येथे २००८ मध्ये बौद्धांचा विश्व विपश्यना पॅगोडा पूर्ण झाला. एकमेकांत गुंतवलेल्या दगडांचा त्याचा घुमट सुमारे २८० फूट व्यासाचा, म्हणजे गोल घुमटाच्या दुपटीहून मोठा आहे. खांब तिथेही नाही.

घुमट आपला आहे, हे खरेच. पण तो रोमन, इराणी, ख्रिस्ती हातांतून आपल्याकडे आला आणि आपल्या कारागिरांनी त्यात भर घालून पुढच्यांच्या हाती दिला. मुलांना विजापूर दाखवायला नेऊ, तेव्हा केवळ प्रतिध्वनी ऐकून परतू नये. त्या आठ कमानी दाखवाव्यात, आणि ही हकिकतही सांगावी.