उपचार उंबरठ्याच्या आत आला



वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत स्त्रियांच्या कर्तृत्वाचा इतिहास यावा, असा आपल्या मंडळाचा प्रघात आहे. मी त्यातला एकच प्रश्न घेते. घरात माणूस अत्यवस्थ आहे, हलविण्याची सोय नाही. अशा वेळी उपचार घरी कसा यावा?

प्रश्न जुना आहे. कल्याणच्या आनंदीबाई जोशी यांना चौदाव्या वर्षी मुलगा झाला, तो अवघ्या दहा दिवसांत गेला. वेळेवर उपचार मिळाला नाही, या दुःखातूनच त्या वैद्यकीकडे वळल्या. १८८३ मध्ये अमेरिकेस गेल्या, १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या आणि १८८७ मध्ये, बाविसावे वर्ष पुरे होण्याआधीच, निवर्तल्या.

पुढे नव्वद वर्षे लोटली, तरी खेड्यातील बाळंतिणीची खोली होती तशीच राहिली. १९७९ च्या आषाढात, रिसोडजवळच्या आमच्या खेड्यात, थोरल्या जाऊबाईंचे आठ दिवसांचे बाळ दूध ओढेनासे झाले. अंग गार पडले. भाऊजी भर पावसात सायकलने डॉक्टरांकडे गेले. “रात्री येणे जमणार नाही, सकाळी बाळालाच घेऊन या,” असे उत्तर मिळाले. सकाळी नाल्याला पूर होता. बैलगाडी अलीकडेच थांबली, आणि बाळ जाऊबाईंच्या मांडीवरच गेले. त्या काळी अशी एक तरी आठवण नाही, असे घर आमच्या आळीत नव्हते.

या प्रश्नाचे उत्तर आपल्या विदर्भातच सापडले. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी १९९५ पासून ३९ गावांतील स्त्रियांना ‘आरोग्यदूत’ म्हणून तयार केले. थोड्याशा शिकलेल्या या बाया घरोघर जाऊन बाळाचे वजन करीत, श्वास मोजीत, ऊब देत आणि गरज पडल्यास इंजेक्शनही देत. तेथे पूर्वी हजारी ६२ नवजात बाळे दगावत. तीन वर्षांत हा आकडा सुमारे २६ वर आला. डॉक्टर रात्री येवो न येवो, शेजारची शिकलेली बाई येऊ लागली, एवढाच काय तो फरक!

२०११ पासून हेच काम देशभर आशाताईंकडे आले. दवाखान्यात बाळंतपण झाले तर सहा वेळा आणि घरी झाले तर सात वेळा त्यांनी बेचाळीस दिवसांत घरी यावयाचे असते. महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका २०१४ पासून सुरू झाली.

परंतु सोय असूनही ती वेळेवर आठवली पाहिजे. बाळ दूध ओढेना, अंग गार किंवा तापलेले लागले, मिनिटाला साठ किंवा अधिक श्वास झाले, छाती आत ओढली जाऊ लागली, तर सकाळची वाट पाहू नये. प्रत्येक भगिनीने आशाताईंचा क्रमांक आणि १०८ हा आकडा बाळंतिणीच्या खोलीच्या भिंतीवर आजच लिहून ठेवावा, एवढीच माझी विनंती.