जुन्नरचा पाऊस कागदावर का सापडत नाही?

संशोधनाची तयारी करणाऱ्या मित्रमैत्रिणींनो, साधनचिकित्सा शिकताना आपल्याला काही ठरावीक प्रश्न पाठ करून घेतले जातात. साधन कोणी तयार केलं, कधी, कोणासाठी, कशासाठी. हे प्रश्न बरोबरच आहेत. पण दैनंदिन जीवनाचा इतिहास लिहायचा असेल तर त्यांत आणखी एक प्रश्न घालायला हवा, असं मला जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम भागावर वाचताना सारखं जाणवतं. साधन कोणत्या ऋतूत तयार झालं?

प्रश्न साधा आहे. पण तो विचारला की नेहमीच्या कागदांकडे बघण्याची तऱ्हाच बदलते. कशी ते सांगतो.

आधी जागा समजून घेऊ

पुणे जिल्ह्याच्या उत्तर भागात सह्याद्रीतून निघालेल्या नद्या पूर्वेकडे वाहतात. कुकडी, मीना, घोड, भीमा. प्रत्येक नदीचं खोरं म्हणजे एक ‘नेर’. कुकडनेर, मिन्नेर, घोडनेर, भीमनेर ही नावं तुम्हाला जुन्या कागदांत भेटतील. पुण्याच्या बाजूला जसे बारा मावळ, तशी इकडे बारा नेरं.

नेराच्या वरच्या टोकाला, म्हणजे नाणेघाट-भीमाशंकरच्या बाजूला, पावसाळ्यात काही हजार मिलिमीटर पाऊस पडतो. खाली जुन्नर शहराकडे येईपर्यंत तो कितीतरी कमी होतो आणि शहराच्या पूर्वेला तर पावसाची वाट बघावी लागते. वरच्या टोकाला भातखाचरं, डोंगरउतारावर नाचणी-वरई, रानात हिरडा. वस्ती प्रामुख्याने महादेव कोळी समाजाची. पावसाळ्यात इथे चार-चार दिवस सूर्य दिसत नाही. आणि याच गावांत एप्रिल-मे महिन्यात बायका हंडे घेऊन पाण्यासाठी डोंगर उतरतात. काळ्या बेसाल्टचा उतार पाणी धरून ठेवत नाही, ते सरळ खाली निघून जातं. एकाच वाडीत वर्षातून दोन वेगळी गावं नांदतात म्हणा ना.

पुण्यातली विद्यापीठं इथून शंभरेक किलोमीटरवर. त्यामुळे इतिहास, पुरातत्त्व, भूगोल, समाजशास्त्र या सगळ्या विभागांच्या अभ्याससहली जुन्नरला येतात. कधी येतात? डिसेंबर-जानेवारीत. रस्ते कोरडे, हवा थंड, लेण्यांच्या पायऱ्यांवर शेवाळ नाही. हे सोयीचंच आहे. पण ही सोय दोन हजार वर्षं जुनी आहे आणि तिचा आपल्या साधनांवर ठसा उमटलेला आहे, हे लक्षात ठेवायला हवं.

लेणी: पावसासाठी खोदलेली, उन्हाळ्याचं बोलणारी

जुन्नरभोवतीच्या डोंगरांत, म्हणजे शिवनेरी, लेण्याद्री, मानमोडी आणि तुळजा या गटांत, मिळून दोनशेच्या वर खोदीव वास्तू आहेत. बौद्ध भिक्षूंचा वर्षावासाचा नियम तुम्हाला माहीत असेल. पावसाळ्याचे तीन महिने एका जागी राहायचं, फिरायचं नाही. म्हणजे इतर महिन्यांत तिथे कोणी असो वा नसो, पावसाळ्यात विहारात माणसं असणार हे नक्की.

या राहण्याचा खर्च कसा चालायचा, याचा सगळ्यात स्पष्ट हिशोब जुन्नरला नाही, शेजारी नाशिकच्या लेण्यात सापडतो. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने वर्ष ४२ मध्ये विणकरांच्या एका श्रेणीकडे २,००० कार्षापण ठेवले. व्याज दरमहा शेकडा १. त्या व्याजातून वर्षावास करणाऱ्या २० भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापण चीवरासाठी, म्हणजे कपड्यासाठी, द्यायचे. आता वही काढा आणि गणित करून बघा. २,००० वर शेकडा १ म्हणजे महिन्याला २०, वर्षाला २४०. आणि २० माणसांना १२ प्रमाणे? तेही २४०. पै न पै जुळते. पावसाळ्यातल्या ओल्या कपड्यांचा प्रश्न दगडावर इतक्या नेमकेपणाने क्वचितच उतरलेला दिसतो.

जुन्नरच्या लेखांत मात्र वेगळी गोष्ट पुन:पुन्हा येते: ‘पोढी’, म्हणजे पाण्याचं खोदीव टाकं. नहपानाचा अमात्य अयम याने वर्ष ४६ मध्ये मानमोडीच्या डोंगरात एक पोढी आणि एक मंडप दान दिला. (हे ४६ शक संवताचं मानलं तर इ. स. १२४ येतं. कालगणनेचा वाद जुना आहे, त्यात इथे शिरत नाही.) इरिल नावाच्या एका यवनाने दोन पोढ्या दिल्या. धान्य विकणाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचं लेणं दिलं, त्याबरोबरही पोढी आहेच.

इथे थांबा आणि विचार करा. एवढ्या पावसाच्या मुलखात पाण्याचं दान कशाला? कारण दान देणाऱ्याच्या डोळ्यापुढे मे महिना आहे. टाकं भरतं आषाढ-श्रावणात, पण त्याचं मोल कळतं वैशाखात. म्हणजे लेख टाक्याचा आहे, टाकं पावसाचं आहे आणि गरज उन्हाळ्याची. एका शब्दात वर्षाचे दोन्ही अर्धे सापडतात. नुसतं ‘दानलेख’ असं शीर्षक देऊन पुढे गेलात तर हे सगळं हातातून निसटतं.

वाटसरू आणि साहेब

आता सतराव्या शतकात या. इंग्रज डॉक्टर जॉन फ्रायर १६७५ मध्ये कोकणातून घाट चढून जुन्नरला आला. तिथल्या मुघल सुभेदाराने त्याला उपचारासाठी बोलावलं होतं. त्याचं प्रवासवर्णन १६९८ मध्ये लंडनला छापलं गेलं. घाटाची चढण, वाटेतली गरिबी, किल्ला हे सगळं त्यात आहे. पण तो आला उन्हाळ्यात. जुलैत नाणेघाटाच्या वाटेवर पाण्याचे लोट असताना कोण परदेशी माणूस वर येणार? म्हणून फ्रायरच्या पानांवर दिसतो तो तापलेला, धुळीचा घाट. तो खोटा नाही. वर्षाचे उरलेले महिने त्यात नाहीत, एवढंच.

इंग्रजी राज्याच्या कागदांनाही हेच लागू पडतं. महसूल अधिकाऱ्यांचा दौरा हिवाळ्यात निघायचा. मोजणीवाले ‘फेअर सीझन’मध्ये शेतात जायचे आणि पावसाळ्यात कचेरीत बसून नकाशे नि तक्ते पुरे करायचे. १८८५ मध्ये निघालेलं पुणे जिल्ह्याचं गॅझेटिअर आपण सगळेच वापरतो. त्यातली मावळी भागाची माहिती अशाच दौऱ्यांतून आणि तक्त्यांतून साठलेली आहे.

याचा परिणाम काय होतो बघा. भाताच्या शेतीत दोन मोठी कामं आहेत. एक राब भाजणं: फांद्या, पालापाचोळा, शेण रोपाच्या वाफ्यावर पसरून जाळणं. दुसरं आवणी: रोपं उपटून चिखलात लावणं. राब भाजला जातो पावसाआधी, उन्हाळ्यात. त्यासाठी झाडांच्या फांद्या लागतात, म्हणून जंगल खात्याशी भांडण होतं. त्यामुळे राबावर एकोणिसाव्या शतकात पानंच्या पानं लिहिली गेली. घाटाखालच्या ठाणे-कुलाब्याच्या प्रश्नावर तर सरकारला वेगळं वन कमिशन नेमावं लागलं. आवणीचं काय? इरलं डोक्यावर घेऊन, कंबरेत वाकून, दिवसभर गुडघाभर चिखलात बायका जे काम करतात त्यावर सरकारशी भांडण नव्हतं आणि ते बघायला साहेबही नव्हता. वर्षातलं सगळ्यात कष्टाचं काम कागदात एका ओळीत संपतं. बायकांच्या श्रमाचा इतिहास लिहू पाहणाऱ्यांनी हे विशेष लक्षात घ्या.

पावसाळा सापडतो तो उसनवारीत

मग पावसाळा कागदावर अजिबातच नाही का? आहे. पण तो पावसाच्या नावाने नोंदलेला नाही. ‘खावटी’ या शब्दाखाली शोधा. मागच्या पिकाचं धान्य ज्येष्ठ-आषाढात संपतं, नवं पीक दिवाळीच्या आसपास येतं. मधले महिने पोट कशावर भरायचं? उसन्या धान्यावर. पावसाळ्याची बेगमी ज्याला जमली नाही तो सावकाराच्या दारात जातो. पुढे सरकारनेच आदिवासी भागांसाठी खावटी कर्जाची योजना काढली, यावरून ही गरज किती जुनी आणि चिवट आहे ते कळतं.

या भागात १८७३ ते १८७६ दरम्यान होन्या केंगले यांच्या नेतृत्वाखाली कोळ्यांनी सावकारांविरुद्ध बंड केलं. आपण ते बंड म्हणून वाचतो, पोलिसी कागदांतून वाचतो. ते एकदा कर्जाच्या हंगामाच्या अंगाने वाचून बघा. कर्ज कोणत्या महिन्यात घेतलं जातं, वसुली कोणत्या महिन्यात होते, माणूस घर सोडून डोंगरात कधी जाऊ शकतो? माझ्या मते इथे अजून बरंच काम बाकी आहे. विषय शोधत असाल तर हा घ्या.

माळीण

हे सगळं केवळ पद्धतीचं बोलणं वाटत असेल तर माळीणची आठवण करू. ३० जुलै २०१४ ची सकाळ. आंबेगाव तालुक्यातलं माळीण गाव दरडीखाली गेलं. १५१ माणसं गेली. आणि गाव जाग्यावर नाही हे पहिल्यांदा बाहेरच्या जगाला कळलं ते एका एसटी चालकामुळे. नेहमीच्या फेरीला गाडी घेऊन आला तर गावच दिसेना.

या घटनेनंतर अतिवृष्टी, उताराचं सपाटीकरण, मातीची जात यांवर पुष्कळ लिहिलं गेलं. माझा मुद्दा वेगळा आहे. जुलैच्या पहाटे त्या रस्त्याने नियमित जाणारा, गाव रोज बघणारा बाहेरचा माणूस कोण होता? अधिकारी नाही, संशोधक नाही, पत्रकार नाही. एसटीचा चालक. पावसाळ्यातल्या खोऱ्याची खरी माहिती ज्यांच्याकडे असते ती ही माणसं: एसटीवाले, आश्रमशाळेचे शिक्षक, आशाताई, गुराखी. आपल्या मुलाखतींच्या यादीत ती असतात का?

पुढे आमडे इथे नवं माळीण वसवलं गेलं, २०१७ मध्ये लोक तिथे राहायला गेले. पहिल्याच पावसाळ्यात तिथले रस्ते आणि भिंती खचल्याच्या बातम्या आल्या. जागा पाहणं, आखणी करणं, बांधकाम करणं ही कामं पाऊस नसताना सोयीची. जमिनीची परीक्षा मात्र पाऊसच घेतो.

आणखी एक उदाहरण. ज्या आंबेगावच्या नावाने तालुका ओळखला जातो ते मूळ गाव आज डिंभे धरणाच्या पाण्याखाली आहे. तालुक्याचं ठाणं घोडेगावला. उन्हाळ्यात पाणी खूप उतरलं की जुन्या गावाचे अवशेष वर येतात, पाऊस झाला की पुन्हा बुडतात. इथे तर पुरावा हातात कधी येईल हेसुद्धा ऋतू ठरवतो.

मग करायचं काय?

ही कल्पना माझी नाही. रॉबर्ट चेंबर्स यांनी १९८३ च्या ग्रामविकासावरच्या पुस्तकात दाखवून दिलं की बाहेरचे तज्ज्ञ गावात कोरड्या ऋतूत जातात, त्यामुळे भूक, आजार आणि कर्ज यांचे सगळ्यात वाईट महिने त्यांना दिसतच नाहीत. ते वर्तमानाबद्दल बोलत होते. आपण तोच प्रश्न जुन्या कागदांना विचारायचा.

कामाला लागताना तीन गोष्टी करा.

पहिली, साधनांच्या यादीत ‘महिना’ असा एक रकाना घाला. कागदावरची तारीख आणि ज्या निरीक्षणावर तो आधारलेला आहे त्याचा काळ, दोन्ही लिहा. जुलैत सही झालेला अहवाल जानेवारीत पाहिलेल्या गोष्टी सांगत असतो, हे वारंवार आढळेल.

दुसरी, गैरहजेरीचं कारण लिहा. आवणीची नोंद नाही, कारण ती होत नव्हती की बघणारा नव्हता? हे दोन अगदी वेगळे निष्कर्ष आहेत.

तिसरी, रिकामी जागा आजच्या निरीक्षणाने घाईघाईत भरू नका. जुन्नरच्या एका लेखात बांबूकाम करणाऱ्यांच्या, म्हणजे ‘वासकारां’च्या श्रेणीकडे ठेव ठेवल्याचा उल्लेख आहे. आज आवणीला बायका बांबूच्या कामट्यांचं इरलं घेतात. मन लगेच म्हणतं, बघा, दोन हजार वर्षांची परंपरा! पण लेखात इरलं नाही. ते वासकार टोपल्या करत होते, चटया करत होते की आणखी काही, लेख सांगत नाही. आजच्या खोऱ्यातून आपल्याला प्रश्न मिळतात. उत्तर त्या काळच्या पुराव्यातूनच यायला हवं.

आणि हो, हल्ली नाणेघाटाला जुलै-ऑगस्टमध्येही गर्दी असते. उलटा धबधबा बघायला शनिवार-रविवारी गाड्यांच्या रांगा लागतात. पन्नास वर्षांनी कोणी या काळाचा अभ्यास करेल तेव्हा त्याच्याकडे पावसाळ्याचे लाखो फोटो असतील: धुकं, हिरवळ, छत्री. त्याच फोटोंच्या कडेला, खालच्या खाचरात, इरलं घेतलेली एक बाई वाकलेली असेल. ती त्याला दिसावी असं वाटत असेल, तर पुढच्या जुलैत निदान एकदा तिच्याशी बोलून, तारीख घालून, चार पानं लिहून ठेवा.